बॅटरी बदलायची आहे? आधी मोजा, मग दुकानात जा

सकाळी घाईत किल्ली फिरवावी आणि बॉनेटखालून नुसतं कट-कट-कट ऐकू यावं, हे गाडीवाल्या प्रत्येकाच्या वाट्याला कधी ना कधी येतं. शेजारी म्हणतात बॅटरी गेली, मेकॅनिक फोनवरूनच म्हणतो बॅटरी गेली, आणि आपण नवी आणून बसवतो. माझ्या पहिल्या गाडीच्या वेळी मीही तेच केलं. तीन आठवडे गाडी झकास चालली. मग चार दिवस बाहेरगावी गेलो, परत आलो, किल्ली फिरवली आणि पुन्हा कट-कट.

बॅटरी उतरवणारा चोर सापडला तो असा. मोबाइलवर व्हिडिओ सुरू केला, मोबाइल डिकीत ठेवून झाकण लावलं आणि मिनिटभराने काढून पाहिलं. झाकण लागल्यावर काळोख व्हायला हवा होता. व्हिडिओत जॅक, स्टेपनीवरचं कापड, जुनी चादर, सगळं लख्ख दिसत होतं. झाकणाचा स्विच अडकला होता आणि पाच वॉटचा दिवा दिवसरात्र जळत होता. पाच वॉट म्हणजे जेमतेम ०.४ ॲम्पिअर, पण २४ तासांत त्याचे सुमारे १० ॲम्पिअर-तास होतात आणि चार दिवसांत ४०. बॅटरी होती ४५ची. मुकाट भंगारात दिलेली जुनी बॅटरी कदाचित आणखी वर्षभर चालली असती.

पायरी १ : दोष खरंच बॅटरीचा आहे का?

पहिल्यांदा आवाज ऐका. भराभर कट-कट म्हणजे स्टार्टरला, म्हणजे इंजिन फिरवणाऱ्या मोटरला, पुरेसा विद्युतप्रवाह मिळत नाही. बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल, म्हणजे बॅटरीला केबल आवळतात तो जोड, सैल आहे. एकच जोरात 'टक' आणि पुढे शांतता, पण दिवे मंद होत नाहीत, तर संशय स्टार्टरवर घ्या. इंजिन नेहमीच्या वेगाने फिरतंय पण पेटत नाही, तर बॅटरीला दोष देऊ नका. तो प्रश्न इंधनाचा किंवा इग्निशनचा आहे.

मग बॉनेट उघडा आणि दोन्ही टर्मिनल हाताने फिरवून बघा. हाताने हलली तर सैल आहेत. पांढरट-हिरवी पूड जमली असेल तर तीही विद्युतप्रवाहाच्या वाटेतली अडचणच. कितीतरी 'गेलेल्या' बॅटऱ्या १० नंबरचा पाना अर्धा वळसा फिरवल्यावर जिवंत होतात.

आता मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट आणि ॲम्पिअर मोजायचं हातातलं यंत्र. साधा, स्वस्तातला चालतो. डीसी व्होल्टवर ठेवा, लाल टोक प्लसला आणि काळं मायनसला लावा. तीन वेळा मोजायचं.

पहिलं माप गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, सकाळी सुरू करण्याआधी. १२.६ किंवा जास्त म्हणजे बॅटरी भरलेली. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, आणि १२च्या खाली गेली तर जवळजवळ रिकामी. आकड्यांतला फरक किती बारीक आहे ते बघा: भरलेली आणि अर्धी यांच्यात फक्त ०.४ व्होल्टचं अंतर आहे. म्हणून 'बारा व्होल्ट दाखवतंय, म्हणजे ठीक आहे' असं कोणी म्हणालं तर मान डोलावू नका. गाडी नुकतीच बंद करून मोजलं तर आकडा फसवा येतो, कारण चार्जिंगचा वरवरचा ताव अजून उतरलेला नसतो.

दुसरं माप कोणीतरी किल्ली फिरवत असताना. आकडा क्षणभर घसरणारच, पण ९.६च्या खाली जाऊ नये. सकाळी १२.६ दाखवणारी बॅटरी इथे ८वर कोसळली, तर ती आतून खलास आहे. मात्र उतरलेल्या बॅटरीवर ही परीक्षा घेणं म्हणजे उपाशी माणसाला पळायला लावणं; आधी ती पूर्ण चार्ज करा.

तिसरं माप इंजिन चालू असताना. १३.८ ते १४.७च्या दरम्यान काही दिसलं तर अल्टरनेटर, म्हणजे इंजिनच्या जोरावर बॅटरी भरणारं यंत्र, काम करतोय. १२.५ दिसतंय आणि हळूहळू उतरतंय, तर अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा तपासून घ्या. नवी बॅटरी आणलीत तरी तीही दोन दिवसांत झोपेल. अलीकडच्या काही गाड्यांमध्ये संगणक चार्जिंग मुद्दाम कमी-जास्त करतो; तिथे एका मापावर निकाल देऊ नका, हेडलाइट आणि एसी लावून पुन्हा बघा.

उतरलेली बॅटरी म्हणजे मेलेली बॅटरी नव्हे, हे नवख्यांनी आधी लक्षात घ्यावं. चार्जरवर पूर्ण भरा, चार्जर काढून रात्रभर ठेवा, सकाळी मोजा. १२.६ टिकलं आणि किल्लीच्या परीक्षेतही पास झाली, तर बॅटरी शाबूत आहे. उतरण्याचं कारण दुसरीकडे शोधा. काही न करता आकडा १२.३, १२.२ असा घसरत गेला तर दुकान गाठा.

काही बॅटऱ्यांवर गोल काचेचा 'डोळा' असतो, हिरवा दिसला की सगळं ठीक म्हणे. त्या डोळ्याखाली फक्त एक सेल, म्हणजे बॅटरीचा एक कप्पा, असतो. बॅटरीत सेल असतात सहा. उरलेल्या पाचांबद्दल तो डोळा आंधळा आहे.

पायरी २ : चोरून विद्युतप्रवाह खाणारं कोणी आहे का?

गाडी बंद असतानाही घड्याळ, अलार्म, लॉकचा रिसीव्हर थोडा विद्युतप्रवाह घेतातच. ५० मिलिॲम्पिअरपर्यंत ठीक समजतात. हे मोजायला मल्टिमीटरची लाल वायर १० ॲम्पिअरच्या भोकात लावून, मीटर मायनसचा खांब आणि सुटी केलेली मायनसची केबल यांच्यामध्ये जोडावा लागतो. जोडल्यावर किमान अर्धा तास थांबा. गाडीतले छोटे संगणक झोपी जायला वेळ घेतात. आणि मीटर असा जोडलेला असताना चुकूनही किल्ली फिरवू नका, मीटरचा फ्यूज उडेल.

आकडा जास्त आला तर एकेक फ्यूज काढून बघायचं. ज्या फ्यूजला आकडा धाडकन पडेल त्या सर्किटमध्ये चोर. बाहेरून बसवलेली म्युझिक सिस्टीम, डॅशकॅम, जीपीएस, ही नेहमीची मंडळी.

पायरी ३ : जुन्या बॅटरीचं लेबल वाचा

दुकानात जाण्याआधी जुन्या बॅटरीचे दोन फोटो काढा, एक लेबलचा आणि एक वरून, दोन्ही टर्मिनल दिसतील असा. गाडीचं मॅन्युअल असेल तर त्यातलं पानही.

लेबलवर समजा '५५डी२३एल' असं लिहिलंय. ही जपानी पद्धत. ५५ हा क्षमतेचा दर्जा आहे, पण ते थेट ॲम्पिअर-तास नव्हेत; इथे पुष्कळ जण फसतात. 'डी' हे रुंदी-उंचीचं माप, २३ म्हणजे लांबी सुमारे २३ सेंटीमीटर आणि शेवटचं अक्षर प्लस-मायनस कोणत्या बाजूला ते सांगतं. ते शेवटचं अक्षर चुकलं तर बॅटरी खोबणीत छान बसते, पण केबल पोचत नाही. ती ओढूनताणून पोचवायचा प्रयत्न करू नका, बॅटरी बदलून आणा. खांबांची जाडीही जुळली पाहिजे. जपानी बॅटऱ्यांच्या काही मापांमध्ये खांब बारीक असतात. जाड खांबाच्या क्लॅम्पमध्ये पत्र्याचा तुकडा घालून ते 'ॲडजस्ट' करणारे भेटतात, त्यांना नम्रपणे नाही म्हणा.

आता दोन आकडे. ॲम्पिअर-तास, म्हणजे एएच, हे बॅटरीच्या पोटात किती मावतं ते सांगतात. सीसीए (कोल्ड क्रँकिंग ॲम्पिअर) सांगतो तिच्या मनगटात किती जोर आहे. सीसीएचा प्रचलित अर्थ असा की उणे १८ अंश सेल्सिअसला ३० सेकंद तेवढे ॲम्पिअर देऊनही व्होल्टेज ७.२च्या खाली जात नाही. उष्ण हवेत राहणाऱ्याला उणे १८शी काय देणंघेणं, असं वाटेल. पण हा आकडा बॅटरीच्या एकूण ताकदीचा चांगला अंदाज देतो, आणि डिझेल इंजिन फिरवायला ती ताकद जास्त लागते. दोन बॅटऱ्यांचे सीसीए ताडून बघताना दोन्ही आकडे एकाच मानकाचे आहेत ना, तेवढं पाहा. वेगवेगळी मानकं वेगळ्या पद्धतीने मोजतात.

कंपनीने सांगितलेल्यापेक्षा कमी क्षमतेची घेऊ नका. थोडी जास्त चालते, पण खोबणीत आणि तिला जागी धरणाऱ्या दाबपट्टीखाली नीट बसली पाहिजे. मोठ्या बॅटरीने वायरिंग जळतं हा गैरसमज आहे. व्होल्टेज तेच असतं आणि स्टार्टर त्याला लागेल तेवढाच विद्युतप्रवाह ओढतो.

पायरी ४ : प्रकार ठरवा

साध्या गाडीला दोन पर्याय: झाकणं उघडून पाणी घालायची, किंवा 'मेंटेनन्स फ्री'. दुसरीत पाणी फार कमी उडतं, म्हणून घालावं लागत नाही. देखभाल लागतच नाही असा त्याचा अर्थ नाही. दर दोन महिन्यांनी बॉनेट उघडून झाकणं तपासण्याची शिस्त तुमच्यात नसेल, तर सरळ मेंटेनन्स फ्री घ्या. बहुतेकांमध्ये ती नसते. माझ्यात नाही.

सिग्नलला आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होणारी गाडी असेल तर तिथे निवड करायला फार वाव नसतो. अशा गाड्यांमध्ये ईएफबी (साध्या बॅटरीचा सुधारलेला, जास्त सोसणारा प्रकार) किंवा एजीएम बॅटरी असते. एजीएममध्ये आम्ल काचेच्या तंतूंच्या गादीत शोषलेलं असतं आणि वारंवार उतरून पुन्हा भरणं ती सोसते. तिच्या जागी साधी बॅटरी बसते, गाडी सुरूही होते, आणि काही महिन्यांतच बॅटरी मान टाकते. एजीएमच्या जागी एजीएमच, ईएफबीच्या जागी निदान ईएफबी. शिवाय यांतल्या काही गाड्यांना 'नवी बॅटरी बसवली आहे' हे स्कॅनर लावून सांगावं लागतं, नाहीतर संगणक जुन्याच हिशोबाने चार्जिंग करत राहतो. दुकानदाराकडे ती सोय आहे का, हे पैसे देण्याआधी विचारा.

पायरी ५ : दुकानात

उत्पादनाची तारीख आधी शोधा. ती कोडमध्ये असते. दुकानदाराला वाचून दाखवायला सांगा आणि तो टाळाटाळ करत असेल तर दुसरं दुकान बघा. कपाटात पडून राहिलेली बॅटरी आपोआप उतरते, उकाड्यात जास्तच भराभर. तीन महिन्यांच्या आतली मिळाली तर उत्तम, सहा महिन्यांपेक्षा जुनी नको. मल्टिमीटर खिशात असेल तर तिथेच लावा. १२.५च्या खाली दिसली तर दुसरी काढायला सांगा. लाजू नका, आपण टरबूजही वाजवून घेतो.

वॉरंटीत बहुधा दोन भाग असतात. पहिल्या भागात बॅटरी फुकट बदलून मिळते. दुसऱ्यात फक्त नव्या किमतीवर सूट. खोक्यावर ठळक छापलेला आकडा बहुधा दोन्हींची बेरीज असतो. फुकटचे महिने किती, तेवढंच विचारा. कार्डावर शिक्का, तारीख आणि बॅटरीचा नंबर घ्या आणि बिलाचा फोटो काढून ठेवा, कारण बिलावरची शाई वॉरंटीच्या आधी उडते.

पायरी ६ : बसवणं

स्वतः बसवणार असाल तर चष्मा आणि हातमोजे घाला, अंगठी आणि धातूचं कडं काढा. इंजिन बंद, किल्ली बाहेर. रेडिओचा कोड असलेली गाडी असेल तर तो शोधून ठेवा.

काढताना आधी मायनस, मग प्लस. लावताना आधी प्लस, मग मायनस. हा क्रम पाठ करण्यापेक्षा त्याचं कारण समजून घ्या, मग विसरणार नाही. गाडीचं सगळं लोखंड मायनसला जोडलेलं असतं. मायनस जोडलेलं असताना तुम्ही प्लसचा नट सोडवताय आणि पान्याचं दुसरं टोक बॉनेटच्या कडेला टेकलं, तर बॅटरीचा सगळा जोर त्या पान्यातून जातो. मी हे एकदा पाहिलंय. निळी ठिणगी, फट् असा आवाज आणि पान्याच्या दांड्यात तांदळाएवढा खड्डा. त्या ठिकाणी बोट असतं तर? मायनस आधी सुटं केलं की पाना गाडीच्या लोखंडाला कुठेही लागला तरी काही होत नाही.

दाबपट्टी सोडवा आणि बॅटरी सरळ वर उचला. १० ते २० किलो वजन असतं, गुडघ्यांतून वाका. ट्रेमध्ये पूड पडली असेल तर खायचा सोडा पाण्यात कालवून ओता, फसफसणं थांबलं की धुऊन कोरडं करा. केबलचे क्लॅम्प आतून तारेच्या ब्रशने चकचकीत करा.

नवी ठेवा आणि दाबपट्टी घट्ट आवळा. ही पट्टी लोक हरवतात आणि 'वजनाने बसते की' म्हणून सोडून देतात. खड्ड्यांच्या हादऱ्यांनी आतल्या प्लेटांवरचं रसायन झडतं आणि तळाशी गाळ साचतो. सैल बॅटरी लवकर मरते ती अशी. क्लॅम्प खांबावर पूर्ण खाली बसवा, हातोडीने ठोकू नका. शेवटी टर्मिनलवर व्हॅसलिनचा पातळ हात फिरवा. बॅटरी डिकीत किंवा सीटखाली असेल आणि वायूची बारीक नळी असेल, तर ती नव्या बॅटरीला जोडल्याशिवाय झाकण लावू नका.

घड्याळ शून्यावर गेलेलं असेल, काचा एका दाबात वर जाणं विसरल्या असतील. काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद दाबून धरलं की बहुतेक गाड्यांना आठवतं.

पायरी ७ : सांभाळणं

बॅटरीत शिशाच्या प्लेटा आणि सौम्य गंधकाम्ल असतं. फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये ती बनवली, आणि मूळ रचना आजही तीच आहे. विद्युतप्रवाह घेतला की दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेटचा थर चढतो. चार्ज केलं की विरघळतो. हा थर ताजा असतो तोवर मऊ असतो. बॅटरी तशीच अर्धवट उतरलेली पडून राहिली की त्याचे कडक स्फटिक होतात आणि मग ते चार्जरलाही दाद देत नाहीत. बॅटरी वापराने झिजते त्याहून जास्त या उपाशी पडून राहण्याने मरते. देखभालीचे सगळे नियम यातूनच निघतात.

रोज दोन किलोमीटरवर जाऊन येणारी गाडी सुरू करताना जेवढं खर्च करते तेवढंही परत भरत नाही. आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास सलग चालवा. रोज सकाळी जागेवर पाच मिनिटं इंजिन चालू ठेवणारे काका प्रत्येक सोसायटीत असतात. त्यांना सांगा, त्याने पेट्रोल जळतं, बॅटरी भरत नाही.

दोन आठवड्यांहून जास्त बाहेर जाणार असाल तर हिशोब करा. ५० मिलिॲम्पिअरने दिवसाला १.२ ॲम्पिअर-तास जातात. ४५ची बॅटरी १९ दिवसांत अर्धी. स्मार्ट चार्जर लावून जा, किंवा मायनस सुटं करून ठेवा. इंजिन चालू असताना मात्र टर्मिनल कधीही काढू नका. अल्टरनेटरचं व्होल्टेज उसळून गाडीचे संगणक जाऊ शकतात.

चार्जरचा प्रवाह क्षमतेच्या दहाव्या हिश्शाएवढा ठेवावा, म्हणजे ४५ला चार-साडेचार ॲम्पिअर. एजीएमसाठी त्या प्रकारची सोय असलेला चार्जर हवा. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघतो. खोली हवेशीर असू द्या आणि जवळ विडी-सिगारेट नको.

पाणी घालायची बॅटरी असेल तर प्लेटा बुडालेल्या आहेत ना, ते बघत जा. कमी झालं तर फक्त डिस्टिल्ड वॉटर, तेही चार्जिंगनंतर आणि खुणेपर्यंतच. नळाचं नको, आरओचं नको, आणि आम्ल तर नकोच. उडतं ते पाणी, आम्ल आतच राहतं. पाणी वारंवार कमी होत असेल, सडक्या अंड्यासारखा वास येत असेल किंवा बॅटरीचं पोट फुगलं असेल, तर चार्जिंग जास्त होतंय. फुगलेली बॅटरी वापरू नका, चार्जही करू नका.

थंडीत गाडी बंद पडते म्हणून थंडीला शिव्या बसतात. खरं नुकसान उन्हाळ्याने आधीच केलेलं असतं. तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं, असा ठोकताळा आहे. सावली मिळाली तर सावलीत लावा. आणि जमिनीवर ठेवलेली बॅटरी फरशी 'पिते' ही जुनी समजूत आजच्या प्लॅस्टिकच्या डब्यांना लागू नाही.

वाटेत अडकलात तर

जंपर केबल लावायचा क्रम: लाल केबल तुमच्या प्लसला, तिचं दुसरं टोक मदतीच्या गाडीच्या प्लसला, काळी मदतीच्या गाडीच्या मायनसला, आणि शेवटचं काळं टोक तुमच्या इंजिनच्या कोऱ्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडणीला ठिणगी पडतेच. ती बॅटरीजवळच्या हायड्रोजनमध्ये पडू नये म्हणून हा द्राविडी प्राणायाम. दोन्ही गाड्या एकमेकींना टेकलेल्या नकोत. काही मिनिटं थांबून किल्ली फिरवा, सुरू झाली की उलट क्रमाने केबल काढा. कडाक्याच्या थंडीत बॅटरी गोठलेली वाटली तर हे करू नका. उतरलेलं आम्ल शून्याखाली दहाएक अंशांतच गोठू शकतं.

जुनी बॅटरी

ती नवी घेताना दुकानातच द्या, किमतीत सूट मिळते. नेताना उभीच ठेवा, खाली जाड प्लॅस्टिक आणि टर्मिनलवर चिकटपट्टी. आम्ल अंगावर उडालंच तर लगेच भरपूर पाण्याने धुवा; डोळ्यात गेलं तर पंधरा-वीस मिनिटं धूत राहा आणि तसेच डॉक्टरकडे जा. आतल्या शिशाचा बहुतेक भाग वितळवून पुन्हा नव्या बॅटरीत जातो. फोडून शिसं काढणाऱ्याला विकली तर आम्ल गटारात जातं आणि शिशाची धूळ त्याच्या मुलांच्या अंगावर.

नवी बसवल्याची तारीख तिच्या कडेवर मार्करने लिहा. आठ दिवसांनी, सकाळी, गाडी सुरू करण्याआधी मल्टिमीटर लावा आणि आलेला आकडा तारखेखाली लिहून ठेवा. पुढच्या वर्षी शेजारी 'बॅटरी गेली' म्हणतील तेव्हा तुमच्याकडे ताडून बघायला काहीतरी असेल. आणि हो, डिकीत एकदा मोबाइल ठेवून बघा.